बटण दाबायला वेळ

त्या रेडिओ स्टेशनचा इतिहास सांगायचा तर गाद्यांपासून सुरुवात करायला हवी. संगीताची सेवा, रसिकांचं प्रेम वगैरे जे पुढे भाषणांतून आलं, ते सगळं मागाहून सुचलेलं. मुळात एका माणसाचा गाद्यांचा कारखाना होता आणि गाद्या खपत नव्हत्या. जाहिराती देत बसण्यापेक्षा आपलं स्वतःचं रेडिओ स्टेशनच काढू, असं त्याच्या मनानं घेतलं. मनानं घेतलं की करून मोकळं व्हायचं, हा त्याचा खाक्या. बाजाराच्या रस्त्यावर एका दुमजली इमारतीतल्या वरच्या दोन खोल्या त्यानं घेतल्या. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून भिंतींना काहीतरी जाड लावावं लागेल, असं यंत्रं बसवणारा म्हणाला. मालकांनी न खपलेल्या गाद्या आणून चारी भिंतींना ठोकल्या. छतालाही एक ठोकली. ती अधूनमधून सुटून निवेदकाच्या डोक्यावर यायची.

गाद्यांबरोबर ढेकूणही आले. ते पुढे गोष्टीत येणार आहेत, म्हणून आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

ताई त्या खोलीत आल्या त्या टेलिफोन एक्स्चेंजमधून. गावातल्या कुणालाही परगावी बोलायचं तर आधी ताईंचा आवाज ऐकावा लागायचा, "जरा थांबा, जोडून देते." मालकांना सारखं कापसाच्या व्यापाऱ्यांशी बोलायचं असायचं. एकदा लाइन मिळेना, मालक नेहमीसारखे डाफरायला लागले, आणि ताईंनी इतक्या शांतपणे "पुन्हा बघते हं" म्हटलं की मालक पुढचं चिडायचं विसरून गेले. दुसऱ्या दिवशी ते एक्स्चेंजच्या दारात हजर.

"बाई, हे सोडा आणि माझ्या गाद्या विका," ते म्हणाले.

ताईंना वाटलं, ह्या गृहस्थाचं डोकं फिरलंय. पण पुढच्याच महिन्यात त्या गाद्यांच्या खोलीत माईकपुढे बसलेल्या होत्या.

ताईंचा आवाज गोड नव्हता. गोड आवाजाच्या मुली स्टेशनवर पुढे पुष्कळ आल्या आणि लग्न करून गेल्या. ताईंचा आवाज भरलेला होता आणि त्याला घाई नव्हती. काठोकाठ भरलेलं पातेलं न सांडता ओट्यापर्यंत न्यावं, तसं त्या वाक्य शेवटपर्यंत न्यायच्या. दुपारच्या फर्माइशीच्या कार्यक्रमाला त्या बसल्या आणि मालकांच्या गाद्या खपायला लागल्या. गाव त्यांना नुसतं ताई म्हणायला लागलं. त्यांचं खरं नाव घरात आणि पगाराच्या दिवशी, एवढ्यापुरतंच उरलं.

जिन्याखाली एका इस्त्रीवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, इस्त्री आणि फळीवर ठेवलेला रेडिओ असलेला टेपरेकॉर्डर. आवडीचं गाणं लागलं की तो बटण दाबून कॅसेटवर उतरवून घ्यायचा. एकदा ताई जिना चढत असताना त्यानं हाक मारली.

"ताई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल की."

"तुम्ही गाण्याचं नाव सांगता आणि लगेच गाणं सुरू. माझ्या हातात इस्त्री. ती खाली ठेवून बटण दाबेपर्यंत सुरुवात निघून जाते हो. माझी सगळी गाणी बिनडोक्याची झालीत. जरा थांबत जा ना मध्ये."

ताईंना हसू फुटलं, पण म्हणणं पटलं. त्या दिवसापासून त्यांनी एक रीत पाडली. गाण्याचं नाव सांगायचं, माईक बंद करायचा, दोन श्वास घ्यायचे आणि मगच तबकडीवर सुई टेकवायची. गाणं संपल्यावरही तेच, म्हणजे ऐकणाऱ्याला बटण बंद करायला सवड. मधे अवाक्षर नाही.

ही गोष्ट बघता बघता गावभर झाली. ताईंचा कार्यक्रम लागला की घरोघरी कुणीतरी बटणावर बोट ठेवून टपलेलं असायचं. ताईंनी नाव घेतलं की बोट खाली, गाणं संपलं की बोट वर. गाणं असं स्वच्छ उतरायचं की दुकानात विकत मिळणाऱ्या कॅसेटनं मान खाली घालावी. नव्या संसाराला भेट म्हणून, परगावी निघालेल्या मुलाच्या पेटीत घालायला म्हणून लोक ह्या कॅसेटी भरायचे. गाण्यावर बोलणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात हात घालणं, असं ताई म्हणायच्या. त्या दोन श्वासांचा त्यांना गर्व होता, आणि गर्व करावा असं दुसरं फारसं काही त्यांच्याकडे नव्हतंही.

घरी मात्र ताई कुजबुजायच्या. आवाज जपायचा म्हणजे त्यांच्या लेखी घरी तो वापरायचाच नाही. लेकीला त्यांनी कधी ओरडून हाक मारली नाही. निजवताना गाणं म्हटलं नाही, थोपटलं फक्त. भांडणसुद्धा हातवाऱ्यांनी आणि डोळे वटारून. नवरा थट्टेखोर होता. "आमची बायको सगळ्या गावाला आवाज वाटून येते, घरी आली की दुकान बंद," असं तो आल्यागेल्याला सांगायचा. सगळे हसायचे, ताईही हसायच्या, आवाज न करता. लेक तेवढी हसायची नाही. तिला आईचं बोलणं ऐकायचं तर शेजारच्या मुलांसारखंच दुपारी रेडिओ लावून बसावं लागे.

मग मालक थकले आणि त्यांचा मुलगा गादीवर आला, म्हणजे वडिलांच्या खुर्चीत. ह्या धाकट्या मालकांनी कुठलंसं शिक्षण घेतलेलं होतं. त्यांनी पहिल्याच बैठकीत ताईंच्या दोन श्वासांवर बोट ठेवलं.

"ताई, तुम्ही लोकांना गाणी फुकट वाटताय. एकदा कॅसेट भरली की तो माणूस आपलं स्टेशन कशाला लावेल? गाणं सुरू झालं की त्यावर बोलायचं. जाहिरात टाकायची. म्हणजे कॅसेट खराब होते आणि लोक आपल्याकडेच येतात."

"म्हणजे गाणं नासवायचं," ताई म्हणाल्या.

"नासवायचं नाही. आपलं करायचं."

हे आपलं करण्याचं काम ज्याच्याकडे आलं, त्याला स्टेशनवर सगळे भोंगा म्हणायचे. पोरगा वाईट नव्हता. चहा आणला की आधी ताईंना द्यायचा. पण माईक उघडला की तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा. गाण्याच्या सुरुवातीवर बोलायचा, मधल्या वाजवण्यावर बोलायचा, गाणारी बाई श्वास घ्यायला थांबली तर तेवढ्यातही काहीतरी खुपसायचा. लोकांनी शिव्या दिल्या, पण गाणी तर हवीच होती, म्हणून भोंग्यासकट उतरवून घेतली. वर्षा-दोन वर्षांत लोकांना त्याची सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे धाकट्या मालकांना त्या शिक्षणात शिकवलं असावं.

ताई हट्टानं थांबतच राहिल्या. शेवटी एकदा धाकटे मालक स्वतः खोलीत येऊन उभे राहिले. हातात जाहिरातीचा कागद. ढेकणांची पावडर. आता गाद्या ह्यांच्याच, ढेकूण ह्यांच्याच गाद्यांतले, आणि पावडरीची एजन्सीही ह्यांनीच घेतलेली. "आज गाण्यावर वाचायचं, नाहीतर उद्यापासून दुपारी भोंगा बसेल," ते म्हणाले. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं होतं. ताईंनी फर्माइशीतलं पुढचं गाणं सांगितलं. ते नेमकं इस्त्रीवाल्यानं मागितलेलं. सवयीनं माईक बंद केला, दोन श्वास घेतले, सुई टेकवली. मग धाकट्या मालकांकडे बघितलं, माईक उघडला आणि वाजू लागलेल्या गाण्यावर ढेकणांची पावडर वाचली. वाचली ती मात्र नेहमीसारखीच, एक अक्षर न सांडता. वाईट वाचणं त्यांना जमलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या जिन्यापाशी आल्या तर इस्त्रीवाला दुकानाबाहेर उभा.

"ताई, किती दिवस थांबलो होतो त्या गाण्यासाठी," तो म्हणाला. "तुम्ही थांबलात म्हणून बटण दाबलं, आणि तुम्हीच माझ्या गाण्याची वाट लावलीत."

ताई जिना चढल्याच नाहीत. तिथूनच वळून घरी गेल्या. स्टेशनवरून दोनदा निरोप आला, मग तोही बंद झाला. दुपारी भोंगा बसू लागला.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. लेकीचं लग्न झालं, नवरा गेला, ताई लेकीकडे राहायला आल्या. मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल पण स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं. आयुष्यभर जपून ठेवलेली वस्तू त्यांनी एका सकाळी डॉक्टरच्या हवाली केली. आता गळ्याला एक भोक, त्यावर रुमाल, आणि बोलण्यासाठी एक पाटी. नात त्यानंतर जन्मली. तिची आजी म्हणजे पाटीवर लिहिणारी आणि टाळी वाजवून हाक मारणारी बाई.

नात शाळेत जायला लागली आणि एक दिवस तिनं विचारलं, "आजी, तू बोलायचीस तेव्हा तुझा आवाज कसा होता?"

ताईंनी लेकीकडे बोट केलं. तू सांग.

लेकीनं तोंड उघडलं. "म्हणजे असा… भारी होता. जाड नाही, पण…" तिनं एक वाक्य ताईंसारखं म्हणून बघितलं. ते तिचंच वाटलं. पुन्हा म्हटलं. मग ती चिडली. "मला काय विचारतेस? माझ्या वाट्याला कुजबूजच आली. त्या आवाजात माझ्याशी कोण बोललं होतं?"

त्या दिवसापासून ताईंच्या मनानं एकच घेतलं. कुठेतरी आपला आवाज असेल. नातीला एकदा ऐकवायचा. गावाला इतका दिला, त्यातला चमचाभर परत मिळायला हवा.

स्टेशनला पन्नास वर्षं होत आली तेव्हा भोंगा घरी आला. आता त्याचेही केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं आणि तो स्टेशनचा सर्वेसर्वा होता. स्टेशनचा इतिहास सांगणारा मोठा कार्यक्रम करायचा होता. ताईंनी त्याला बसूही दिलं नाही. पाटी पुढे धरली. "माझा आवाज?"

भोंग्याचं तोंड पडलं. "ताई, स्टेशनवर काही नाही. तुम्हाला तर माहीत आहे. कार्यक्रम थेट जायचा, ठेवायचं कोण? ज्या टेपा होत्या त्या पुसून पुसून पुन्हा वापरल्या. पण मी लोकांना सांगितलंय, जुन्या कॅसेटी आणून द्या म्हणून. पोत्यांनी येतायत. त्यात तुम्ही नाही निघालात तर मी नाव बदलेन."

ताई हरखून गेल्या. घरोघरी बटणावर टपलेली बोटं त्यांना आठवली. इतक्या वर्षांच्या दुपारी, इतकी घरं. आपला आवाज पोत्यांनी सापडणार, ह्याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही. त्यांनी नातीला पाटीवर लिहून दाखवलं, "ऐकशील आता." नातीनं शाळेत सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्या लेकीला घेऊन स्टेशनवर गेल्या. जिन्याखाली आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. वर भिंतींवरच्या गाद्या जाऊन राखाडी स्पंज आला होता. टेबलावर कॅसेटींचा ढीग, त्यांच्या पाठीवर शाईनं, पेन्सिलीनं, लिपस्टिकनंसुद्धा लिहिलेलं. भोंग्यानं एक लावली. आधी खरखर, मग गाणं. गाणं संपलं, खट् आवाज आला, दुसरं गाणं सुरू. ते संपलं, खट्, तिसरं.

"दुसरी लावतो," भोंगा म्हणाला.

दुसरीतही तेच. तिसरीतही. त्याच्या काळातली कॅसेट आली की मात्र हा बोलायला लागायचा. तरणा, उतावळा, गाण्याच्या छाताडावर बसलेला. प्रत्येक गाण्यावर तो होता. ताईंच्या काळातल्या कॅसेटी तेवढ्या स्वच्छ. गाण्याआधी कुणी नाही, गाण्यानंतर कुणी नाही.

दुपार उलटली तेव्हा ताईंच्या ध्यानात आलं. त्यांनीच तर वेळ दिला होता. बोलणं संपवून, दोन श्वास थांबून, लोकांना सवडीनं बटण दाबू दिलं होतं, आणि गाणं संपताच स्वतः तोंड उघडण्याआधी सवडीनं बंदही करू दिलं होतं. सगळ्या गावानं त्यांना वगळलं होतं, आणि ते इतकं नीट जमलं होतं कारण त्यांनीच ते जमवून दिलं होतं. ज्यानं गाणी नासवली तो गावाच्या प्रत्येक कपाटात जिवंत होता.

भोंगा मान खाली घालून म्हणाला, "ताई, मला लोक शिव्या द्यायचे. पण राहिलो मीच. ह्याला काय म्हणायचं?"

ताईंनी लेकीला उठायची खूण केली.

घराच्या दारात आल्यावर लेक म्हणाली, "आई, माझ्याही कॅसेटी आहेत माळ्यावर. मी मागेच लावून बघितल्या." मग तिनं पुढचंही सांगून टाकलं. "एकाही कॅसेटमध्ये तू नाहीस. मला गाणंच हवं असायचं. तुझं बोलणं चुकून जरा जरी आलं तरी मी पुसून पुन्हा भरायचे. रागच यायचा तुझ्या आवाजाचा."

ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांनाही राग आला होता, आणि तो लपवायला त्यांच्याकडे आता काही नव्हतं.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी भोंगा पुन्हा आला. हातात एकच कॅसेट, आणि चेहरा असा की चांगली बातमी आणलीय की वाईट, हे त्याचं त्यालाच कळत नसावं.

"इस्त्रीवाला गेला मागच्या वर्षी. त्याच्या सुनेनं आणून दिली," तो म्हणाला. "ताई, सापडलात तुम्ही. पण आधी ऐका. लावायची की नाही, हे तुम्ही सांगा."

नात टेपरेकॉर्डरला चिकटून बसली. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. खरखर झाली, गाण्याची सुरुवात वाजायला लागली, आणि त्या वाजण्यावर ताई बोलल्या.

"ढेकणांनी तुमची झोप उडवली आहे का? गादीच्या कडांना, खाटेच्या सांध्यांना, एकदाच शिंपडा. ढेकूण मरतील. तुम्ही निर्धास्त झोपा."

मग गाणारा माणूस सुरू झाला आणि ताई संपल्या.

आवाज तोच होता. भरलेला, घाई नसलेला, एक अक्षर न सांडणारा. गावाशी बोलण्यात जन्म घालवून त्यातलं एवढंच उरलं होतं, आणि तेही ज्या दिवशी त्यांनी आपली रीत मोडली त्या दिवसाचं. ज्या इस्त्रीवाल्याच्या गाण्याची वाट लावली, त्यानंच ते जपून ठेवलेलं.

नातीनं टाळ्या पिटल्या. "आजी, ही तू? कसली भारी बोलतेस गं!"

ताईंनी पाटी घेतली. खडू मोडेल इतक्या जोरात लिहिलं, "रेडिओवर नको."

"मग कार्यक्रमात तुमच्याबद्दल काय सांगू?" भोंग्यानं विचारलं.

ताईंनी खांदे उडवले. भोंगा उठला. त्यानं कॅसेट काढायला हात पुढे केला, तर त्याआधी ताईंचा हात टेपरेकॉर्डरवर होता. भोंग्यानं बघितलं आणि तो रिकाम्या हातानं जिना उतरला.

रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. घरात रेडिओ लावला होता. मालकांची दूरदृष्टी झाली, धाकट्या मालकांची धडाडी झाली, गाद्यांचे किस्से झाले, आणि भोंग्याच्या तरुणपणच्या आवाजाचे एकामागून एक तुकडे लागले. लोकांनी फोन करून करून त्याचं कौतुक केलं. मग तो म्हणाला, "त्या काळी आपल्या सगळ्यांच्या लाडक्या ताई होत्या. दुर्दैवानं त्यांचा आवाज आपल्याकडे नाही." तोवर पुढचं गाणं सुरू झालेलं होतं आणि तो त्या गाण्यावरच बोलत होता.

लेकीनं रेडिओ बंद केला. ती टेपरेकॉर्डरपुढे जमिनीवर बसली, इस्त्रीवाल्याची कॅसेट लावली आणि लहानपणी बसायची तशी बटणावर बोट ठेवून टपून राहिली. आईनं ढेकूण मारले, झोपायला सांगितलं. गाणारा तोंड उघडणार एवढ्यात लेकीनं खट्कन बटण दाबून त्याला कापलं आणि टेप मागे नेली. नात शेजारी बसून आजीबरोबर शब्दन्शब्द म्हणत होती, तोच ठेका, तशीच न सांडता. लेकीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता.

ताई खुर्चीत बसून ऐकत होत्या. ह्या घरात त्या आत्ता कुठे मोठ्यानं बोलत होत्या, आणि बोलत होत्या ते ढेकणांबद्दल. टेप मागे जाऊन थांबली. लेकीनं वळून आईकडे बघितलं. ताईंनी मान हलवली, लाव. लेकीनं पुन्हा बटण दाबलं.